कपाशीत ट्रायकोकार्ड: कुणाचं जमलं, कुणाचं फसलं?

वावरातला
३ ऑगस्ट, रात्री ९:४०

रामराम मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यात माझी साडेपाच एकर पऱ्हाटी म्हणजे कपाशी आहे. जूनच्या तिसऱ्या आठवड्यातली लागवड, मधे तुरीचे तास, म्हणजे ओळी. आज पंचेचाळीस दिवस झाले, पात्या, म्हणजे फुलाच्या कळ्या, धरायला लागल्यात. पोळा महिन्यावर आला की आमच्याकडे सगळ्यांना एकच धास्ती असते, गुलाबी बोंडअळीची. तिच्यासाठी जे करायचं ते येत्या दोन-तीन आठवड्यांत ठरवावं लागतं, म्हणून धागा आत्ताच काढतोय.

२०१७ आमच्या भागात कुणी विसरलेलं नाही. बोंडं बाहेरून हिरवीगार, ठणठणीत. फोडलं की आत गुलाबी अळी आणि सरकीच्या दोन-दोन बिया एकमेकींना चिकटलेल्या. वेचणाऱ्या बायांच्या ओट्यात कापसाऐवजी पिवळी कवडी. त्याच हंगामात आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि मजूर दगावले. माझ्या वावरात फवारणारा गडी आठ दिवस दवाखान्यात होता, पहिले दोन दिवस तर त्याला डोळ्यांनी नीट दिसतही नव्हतं. तो वाचला. पण त्याच्या बायकोनं दवाखान्याच्या पायरीवर बसून माझ्याकडे जसं पाहिलं ते माझ्या मनातून जात नाही. औषधाचे पंप कमी कसे होतील, हे तेव्हापासून डोक्यात आहे.

त्यातून ट्रायकोकार्डकडे वळलो. ट्रायकोग्रामा हा बारीक कीटक बोंडअळीच्या अंड्यातच आपलं अंडं घालून तिला संपवतो, तो ज्या कार्डावर वाढवून देतात ते हे कार्ड. तीन हंगाम झाले. पहिले दोन फसले, तिसरा जमला. फसलं कशानं ते आधी सांगतो, तेच जास्त कामाचं आहे.

पहिल्या वर्षी कार्डं कुरिअरनं मागवली. पाचव्या दिवशी हातात पडली. पाकीट फोडलं तर कागदाच्या घडीत काळी धूळ साचल्यासारखं दिसलं. ती धूळ नव्हती, आतले कीटक केव्हाच बाहेर पडून मेले होते. कार्डावर भोकं पडलेली टरफलं तेवढी उरली होती. मला हे काहीच माहीत नव्हतं, मी तीच कार्डं बांधली आणि महिनाभर वाट पाहिली.

दुसऱ्या वर्षी ताजी कार्डं स्वतः जाऊन आणली, नीट बांधली. चौथ्या दिवशी पानांतला रस शोषणारे तुडतुडे वाढले म्हणून दुकानातून मिळालेलं दोन-तीन औषधांचं मिश्रण फवारलं. दोन्हीचे पैसे पाण्यात.

गेल्या वर्षी फक्त दोन एकर ठरवून घेतले. त्या दोन एकरांत कार्ड लावायच्या आधी आठ दिवस आणि नंतर कडक औषधाचा थेंब पडू दिला नाही. आठवड्यानं भिंग घेऊन बसलो. पातीभोवतीची हिरवी झालर असते ना, ती अलगद उलटली की आतल्या बाजूला बोंडअळीचं अंडं दिसतं, खसखशीच्या दाण्याहून बारीक, चपटं, मोत्यासारखं पांढरं. उबायला आलं की लालसर होतं. मला त्या दिवशी तीन अंडी सापडली आणि तिन्ही काळी कुळकुळीत. काळं अंडं म्हणजे आत अळीऐवजी आपला मित्र वाढतोय. इतका आनंद मला पहिल्या वेचणीच्या सीतादहीच्या पूजेलाही झाला नव्हता.

ऑक्टोबरात दोन्हीकडची वीस-वीस हिरवी बोंडं फोडली. कार्डाच्या भागात दोन किडकी निघाली, बाकीच्या वावरात सहा.

आता माझे प्रश्न. कार्डात वेगवेगळ्या जाती असतात म्हणे, बोंडअळीला कोणती चालते? तुडतुडे आले तर काय करायचं? आणि मुंग्या कार्ड खाऊन टाकतात, त्याला काय उपाय?


जुना_कीटकशाळेतला
४ ऑगस्ट, सकाळी ७:१५

वावरातला भाऊ, फसलेलं आधी सांगितलंत याबद्दल मनापासून आभार. मी कीटकशाळेत पंचवीस वर्षं हीच कार्डं तयार करण्याचं काम केलं. ती कशी बनतात हे शेतकऱ्याला ठाऊक झालं तर अर्ध्या चुका आपोआप टळतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सुरुवात ज्वारीपासून होते. ज्वारी भरडायची, तापवून निर्जंतुक करायची आणि पेट्यांत भरून तिच्यावर कॉर्सिराची म्हणजे तांदळावरच्या पतंगाची अंडी टाकायची. साधारण दीड महिन्यानं पतंग बाहेर पडायला लागतात. ते रोज सकाळी गोळा करायचे. हे काम फार त्रासाचं. पतंगांच्या पंखांचे खवले हवेत उडतात, तोंडाला फडकं बांधलं तरी नाकात जातात. आमच्यातल्या दोघांना त्यानं दम्याचा त्रास जडला. कार्डामागे कुणाचे तरी हे श्वास खर्ची पडलेले असतात, म्हणून वाया गेलेलं कार्ड पाहिलं की मला वाईट वाटतं.

पतंगांची अंडी चाळून स्वच्छ करायची आणि गोंद लावलेल्या कार्डावर एकसारखी पसरायची. एका कार्डावर अठरा ते वीस हजार अंडी बसतात. मग ती अतिनील दिव्याखाली ठेवायची. त्यानं अंड्यातला पतंगाचा जीव मरतो, पण अंडं ताजं राहतं. हे केलं नाही तर त्यातून कॉर्सिराच्या अळ्या निघतील आणि शेजारची अंडी खातील. यानंतर ही कार्डं ट्रायकोग्रामाच्या सहवासात ठेवायची. मादी अंड्यावर चढते, मिशांनी ठोकून पाहते, अंड्यावरून इकडून तिकडे चालून त्याचा अंदाज घेते आणि मग मागची सुई टोचून आत आपलं अंडं घालते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पतंगाचं अंडं काळं पडतं. सातव्या-आठव्या दिवशी त्याला गोल भोक पाडून नवा कीटक बाहेर.

म्हणजे काळं झालेलं कार्ड तुमच्या हाती आलं की जेमतेम तीन-चार दिवस उरलेले असतात. कार्डावर कीटक निघण्याची तारीख लिहिलेली असते, ती पाहिल्याशिवाय घेऊ नका. बांधायला उशीर होणार असेल तर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, दहा अंशांच्या आसपास ठेवा म्हणजे काही दिवस थांबतात. बर्फाच्या कप्प्यात ठेवलं तर मरतात. दुचाकीच्या डिकीत उन्हात ठेवलं तरी मरतात, हे मी कितीतरी वेळा पाहिलंय.

जातीचं असं आहे. चिलोनिस ही सगळ्यात सहज मिळणारी जात, हिरव्या आणि ठिपक्यांच्या बोंडअळीच्या अंड्यांवर चांगली. गुलाबी बोंडअळीसाठी बॅक्ट्री जास्त योग्य. तिचं पूर्ण नाव ट्रायकोग्रामाटॉयडिया बॅक्ट्री. मागताना "बॅक्ट्री आहे का" असं स्पष्ट विचारा. जॅपोनिकम नावाचंही कार्ड मिळतं, ते भाताच्या खोडकिडीचं आणि उसाच्या शेंडेकिडीचं, कपाशीत त्याचा उपयोग नाही. प्रमाण एकरी साठ हजार, म्हणजे तीन कार्डं, हेक्टरी दीड लाख. सात ते दहा दिवसांच्या अंतरानं किमान तीन वेळा.


गच्चीवरची_बाग
४ ऑगस्ट, सकाळी १०:०२

मी पुण्यात असते, माहेर वाशीम. एक भाबडा प्रश्न. या गांधीलमाश्याच ना? मग वेचणाऱ्या बायांना, लेकरांना चावत नाहीत का?


जुना_कीटकशाळेतला
४ ऑगस्ट, सकाळी १०:३०

ताई, अजिबात नाही. गांधीलमाशीच्याच गणातल्या, पण लांबी जेमतेम अर्धा मिलिमीटर. पूर्णविरामाच्या टिंबाएवढ्या. पोळं करत नाहीत, माणसाला डंख मारायला त्यांच्याकडे काही नाही. त्यांची सुई फक्त अंड्यात अंडं घालण्यापुरती.


तेल्हाऱ्याचा_शेतकरी
४ ऑगस्ट, दुपारी २:४८

सगळ्यांचा मान राखून लिहितो. मी दोन वर्षं कार्डं लावली, फरक पडला नाही. माझं वावर तीन एकर, तिन्ही बाजूंनी दुसऱ्यांची कपाशी. ते दर दहा दिवसांनी फवारतात, वाऱ्यानं औषध माझ्याकडे येतं. त्यांच्या वावरातले पतंग रात्री माझ्याकडे अंडी घालायला येतात. हे कीटक उडतात किती? पाच-दहा मीटर. पतंग उडतो कितीतरी लांब. शिवाय गुलाबी बोंडअळीचं अंडं बोंडाच्या देठाजवळ टोपीखाली दडलेलं असतं, तिथं हा कीटक पोचणार कसा? कार्यक्रमात कार्ड फुकट वाटतात, फोटो निघतो, आणि नुकसान झालं की शेतकऱ्यानं वेळेवर लावलं नाही म्हणतात. मला राग या गोष्टीचा आहे.


वावरातला
४ ऑगस्ट, रात्री ८:५५

तेल्हारा दादा, तुमचा राग खोटा नाही. कार्ड वाटून मोकळं होणारे आमच्याकडेही आलेत. आणि फवारणी शून्य झाली असं मी म्हणणार नाही. त्या दोन एकरांत मागच्या हंगामात दोन फवारण्या झाल्या, बाकीच्या वावरात पाच. मला तेवढाही फरक मोठा वाटतो. शेजाऱ्यांचं मात्र माझ्याकडेही उत्तर नाही.


समुद्रपूरची_बोंडकळी
४ ऑगस्ट, रात्री ९:३०

मी लिहू का? वर्धा जिल्हा, समुद्रपूर तालुका. आमच्या गावात आम्ही अकरा बायकांनी बचत गटातून हे काम केलं. दादांनी विचारलेल्या शेजाऱ्यांच्या प्रश्नाला आमच्यापुरतं उत्तर असं निघालं की एका बांधाला लागून असलेल्या सात जणांना एकदम तयार केलं. एकट्या वावरात कार्ड लावलं तर तेल्हारा दादा म्हणतात तसंच होतं. सलग पंचवीस-तीस एकर झाले की मधल्या वावराला तरी श्वास घ्यायला जागा मिळते. तयार करायला सोपं गेलं नाही. एका काकांनी तर आमच्या समोरच पंप भरला. पण त्यांची सून आमच्या गटात आहे, पुढच्या खेपेला तिनंच घरात कार्डाचं पाकीट दाखवून समजावलं.

मुंग्यांचं सांगते. ज्या झाडावर मावा आहे त्यावर मुंग्या असतातच, माव्याच्या गोड चिकट्यासाठी. अशा झाडावर पट्टी लावायचीच नाही, शेजारचं झाड घ्यायचं. आम्ही कार्डाच्या छापलेल्या रेघांवरून कात्रीनं पट्ट्या कापतो आणि पानाच्या खालच्या बाजूला स्टेपलरनं टाचतो, झाडाच्या मधल्या उंचीवर. अंड्यांवर पिन बसू द्यायची नाही. पानाखाली लावलं म्हणजे ऊन लागत नाही आणि पावसाच्या धारेनं अंडी धुपत नाहीत. काम उन्हं उतरल्यावर करायचं. कीटक बहुतेक सकाळी सकाळी बाहेर पडतात, तेव्हा गारवा आणि दव मिळतं.

एका झाडावर आख्खं कार्ड कधीच अडकवू नका. आमच्या गावात एकानं तीनही कार्डं बांधावरच्या झाडाला लटकवली होती. साठ हजार कीटक बांधाजवळच राहिले. दहा-दहा पावलांवर पट्टी, एक ओळ सोडून एक, असं आम्ही चालतो. तीन जणी असलो की एकराला अर्धा तास पुरतो.


पांढऱ्या_सोन्याचा_अभ्यासक
५ ऑगस्ट, सकाळी ११:२०

मी कृषी कीटकशास्त्राचा विद्यार्थी. तेल्हारा काकांनी टोपीखालच्या अंड्याचा मुद्दा काढला तो शास्त्राला धरून आहे, आणि लावायची वेळही त्यावरूनच ठरते. हंगामाच्या सुरुवातीला, मोठी बोंडं नसतात तेव्हा, गुलाबी बोंडअळीची मादी शेंड्याजवळ, कोवळ्या पानांवर, पात्यांवर अंडी घालते. ही उघड्यावरची अंडी ट्रायकोग्रामाला सहज सापडतात. बोंडं तयार झाली की ती बोंडाच्या बुडाशी, टोपीखाली अंडी घालायला लागते. तिथं कीटकाचा शिरकाव कमी होतो. म्हणून पात्या-फुलांच्या काळातली पहिली पिढी अडवायची. सप्टेंबरअखेर बोंडं लदलदल्यावर कार्डं आणणाऱ्याला "फरक नाही" असंच दिसणार.

अजून एक. बीटी कपाशी, म्हणजे अळीला मारणारं जनुक घातलेली, आपल्याकडे २००२ मध्ये आली, दोन जनुकांची बोलगार्ड २ आली २००६ मध्ये. गुलाबी बोंडअळीनं पहिल्या जनुकाला दाद देणं बंद केल्याचं २०१० मध्ये गुजरातेत जाहीर झालं आणि पुढे काही वर्षांत दुसऱ्यालाही. अळीला बीटीची सवय होऊ नये म्हणून तेव्हा बियाण्याच्या पाकिटाबरोबर नॉन बीटीची १२० ग्रॅमची पुडी मिळायची, ती आपण बांधावर लावलीच नाही, याचा त्यात मोठा हात आहे. ट्रायकोग्रामाचं वेगळेपण असं की तो अळी तयार होण्याच्या आधीच गाठतो. अळीला बीटी पचतं की नाही याचा त्याच्याशी संबंधच नाही, कारण अळी जन्मालाच येत नाही.

अमेरिकेत परोपजीवी माश्यांनी ही कीड संपवली असं मोबाईलवर फिरत असतं. ते तसं नाही. बॅक्ट्री ऑस्ट्रेलियातून ॲरिझोनात नेऊन अभ्यासली गेली हे खरं. पण २०१८ मध्ये अमेरिकेनं गुलाबी बोंडअळीचं निर्मूलन जाहीर केलं ते बीटी कपाशी, नर-मादीचं मीलन रोखणारे कामगंध आणि प्रयोगशाळेत वांझ करून सोडलेले कोट्यवधी पतंग यांच्या एकत्र जोरावर. कार्डाकडून तेवढी अपेक्षा ठेवली की निराशा पक्की.


चोपड्याचा_बागायतदार
५ ऑगस्ट, दुपारी ४:१०

जळगाव जिल्ह्यातून लिहितो. आमच्याकडे ठिबकवर मे महिन्यात कपाशी लावायची सवय. ती आधी फुलावर येते आणि जमिनीतून निघणाऱ्या पहिल्या पतंगांना आयतं घर मिळतं. मग जूनच्या कपाशीवर दुसरी-तिसरी पिढी तुटून पडते. मी तीन वर्षांपासून मेची लागवड सोडली. डिसेंबरअखेर शेत मोकळं करतो, फरदड, म्हणजे वेचणीनंतर पाणी देऊन पुढे वाढवलेली कपाशी, ठेवत नाही. पऱ्हाट्यांचे ढीग बांधावर लावून ठेवत नाही, त्यातल्या किडक्या बोंडांत अळी उन्हाळा काढते. हे केलं तर कार्डाला झेपेल एवढंच काम उरतं.

वेळ ठरवायला मी सापळे वापरतो. लागवडीनंतर पंचेचाळीस दिवसांनी एकरी दोन कामगंध सापळे, मादीच्या वासानं नर पतंगांना ओढणारे. सकाळी उठून मोजायचे. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ किंवा जास्त पतंग आले की आर्थिक नुकसानीची पातळी गाठली असं मानतात. मी कार्डासाठी तेवढं थांबत नाही. पतंग नियमित दिसायला लागले, दोन-तीन का असेनात, की त्याच दिवशी कार्डाची मागणी नोंदवतो, कारण तयार व्हायला आठवडा जातो. अमावास्येचं जुन्या लोकांचं गणित मीही धरतो. पोळ्याची, पितृपक्षातली आणि दिवाळीची, या तीन अमावास्यांच्या आगेमागे अंडी वाढलेली मी स्वतः पाहिली आहेत. कार्डाची एक खेप पोळ्याच्या अमावास्येआधी शेतात असेल असं बघा.

डोमकळ्यांवर लक्ष ठेवा. फूल नीट न उमलता पाकळ्या गुलाबाच्या कळीसारख्या गुंडाळलेल्या राहिल्या की आत अळी आहे समजा. मी सकाळच्या फेरीत त्या तोडून पिशवीत भरतो आणि बांधावर न टाकता जाळतो.


वावरातला
५ ऑगस्ट, रात्री १०:०५

चोपडा भाऊ, मागणी आधी नोंदवायची हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. उद्याच फोन करतो. तुडतुड्यांचं कुणी सांगेल का? परवापासून पानांच्या कडा पिवळ्या पडून खाली वळताना दिसतायत.


जुना_कीटकशाळेतला
६ ऑगस्ट, सकाळी ६:५०

तुडतुड्यांचा बंदोबस्त आत्ताच करून घ्या, कार्डाला अजून दोन आठवडे आहेत. पानाच्या मागच्या बाजूचे तुडतुडे मोजा, एका पानावर दोन-तीनच्या पुढे गेले तरच उपाय करा. पहिला उपाय पाच टक्के निंबोळी अर्क, म्हणजे पाच किलो निंबोळी कुटून रात्रभर भिजत घालून, गाळून शंभर लिटर पाणी. तेवढ्यानं भागलं नाही तर फ्लोनिकामिडसारखं फक्त रसशोषक किडींवर चालणारं औषध, तेही एकटंच. सायपरमेथ्रिन, लॅम्बडा सायहॅलोथ्रिन, प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस यांतलं काहीही शेतात पडलं तर ट्रायकोग्रामा जगत नाही. दुकानातलं मिश्रण घेताना त्यात काय काय आहे ते डब्यावर वाचूनच घ्या. दुसऱ्या वर्षी तुमचं नेमकं तिथं चुकलं.

कीटकाला खायलाही लागतं हे कुणी बोललं नाही. मोठा झालेला ट्रायकोग्रामा मधावर जगतो. कपाशीच्या पानाच्या मागे मधल्या शिरेवर एक छोटी मधग्रंथी असते, भिंगातून बघा, चकचकीत थेंब दिसतो. तो त्याला कामी येतो. बांधावर झेंडू, अंबाडी, मधे चवळीची ओळ असेल तर आणखी बरं. उपाशी मादी दोन दिवसांत मरते, पोटभर मिळालं तर आठवडाभर अंडी घालत फिरते.


समुद्रपूरची_बोंडकळी
६ ऑगस्ट, दुपारी १:३५

काका, विकत न आणलेल्या माश्यांबद्दलही लिहा ना. आमच्याकडे कपाशीवर पिठ्या ढेकूण ही कीड आली होती ते वर्ष मला आठवतं. मी तेव्हा नवी नवरी होते. झाडाचे शेंडे पांढऱ्या भुकटीत बुडालेले, गाजर गवतावरही तेच. सासरे दर आठवड्याला फवारत होते आणि ढेकूण वाढतच होता. मग दोन वर्षांत तो जवळजवळ दिसेनासा झाला.


जुना_कीटकशाळेतला
६ ऑगस्ट, रात्री ८:२०

ताई, तुम्ही माझ्या आवडीचा विषय काढलात. तो पिठ्या ढेकूण परदेशातून आलेला. २००५ नंतरच्या दोन-तीन वर्षांत गुजरात, पंजाब, महाराष्ट्र सगळीकडे पसरला. २००८ च्या सुमारास शेतात लालसर तपकिरी, टणक झालेले ढेकूण दिसायला लागले. आम्हाला आधी वाटलं औषधानं मेले. काही उचलून काचेच्या नळीत ठेवले, तोंडाला कापूस लावला. पाचव्या-सहाव्या दिवशी एकेका टणक ढेकणाला भोक पडलं आणि काळी बारीक माशी बाहेर आली. ही एनॅसियस. २००९ मध्ये तिचं शास्त्रीय वर्णन झालं तेव्हा एनॅसियस बंबावालेई असं नाव ठेवलं, नावात आपलं मराठी आडनाव. पुढे ती आधी माहीत असलेली ॲरिझोनेन्सिसच असल्याचं ठरलं. ती कुणी सोडली नव्हती. ढेकणाच्या मागोमाग स्वतःच आली. जिथं फवारणी थांबली तिथं तिनं ढेकूण आटोक्यात आणला. तुमच्या सासऱ्यांच्या फवारणीत ढेकूण का वाढत होता हे आता लक्षात येईल. ढेकणाला मेणाचं कवच होतं, माशी उघडी होती.

गुलाबी बोंडअळीलाही असे शत्रू आपल्या मातीत आधीपासून आहेत. ब्रॅकॉन अळीला डंख मारून लुळी करते आणि तिच्या अंगावर बाहेरून अंडी घालते. अपँटेलिसची पोरं अळीच्या आत वाढतात. कुणालाही घरी बघता येईल. पंधरा-वीस किडकी बोंडं काचेच्या बरणीत ठेवा, तोंडाला मलमलचं फडकं घट्ट बांधा. दहा-पंधरा दिवसांत कधी पतंग निघतील, कधी पांढरे लहान कोष दिसतील आणि त्यातून माश्या. माश्या निघाल्या तर ते फडकं शेतात नेऊन सोडा, पतंग निघाले तर साबणाच्या पाण्यात टाका.


तेल्हाऱ्याचा_शेतकरी
७ ऑगस्ट, सकाळी ८:००

मी लावली होती ती कार्डं सप्टेंबरच्या शेवटी मिळाली होती. जात कोणती हे विचारलंच नव्हतं. पाकीट घरात जपून ठेवलं होतं, काल रात्री काढून पाहिलं, त्यावर जॅपोनिकम छापलंय. ज्यांनी वाटली त्यांना ते कळायला हवं होतं. यंदा एक एकरावर पुन्हा करून बघतो. चिलोनिस तरी मिळेल का आमच्या भागात ते विचारतो, बॅक्ट्री मिळाली तर उत्तमच. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत किंवा अकोल्याच्या कृषी विद्यापीठात चौकशी करावी का?


जुना_कीटकशाळेतला
७ ऑगस्ट, सकाळी ९:१०

दोन्हीकडे करा, शिवाय तुमच्या जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातही. कार्ड हातात आलं की एक पट्टी कापून काचेच्या बाटलीत टाका, झाकण बंद, खिडकीत सावलीला ठेवा. ठरलेल्या दिवशी कीटक उजेडाच्या बाजूला काचेवर गोळा झालेले दिसले पाहिजेत. अंडी बहुतेक काळी आणि फुगीर असावीत. निम्मी पांढरी किंवा चुरमडलेली असतील तर परत करा.


वावरातला
९ सप्टेंबर, रात्री ९:१५

मंडळी, महिन्यानं आलो, उशिराबद्दल क्षमा. झालं ते सांगतो.

निंबोळी अर्काच्या दोन फवारण्यांत तुडतुडे आटोक्यात आले, तिसऱ्याची गरज पडली नाही. सापळ्यात पतंग १६ ऑगस्टपासून दिसायला लागले, आधी एक, मग तीन, चार. बॅक्ट्रीची पहिली खेप २० तारखेला लावली, दुसरी २९ ला, पोळ्याच्या चार दिवस आधी. तिसरी काल. यंदा पूर्ण साडेपाच एकर. शेजारचे दोघं तयार झाले, तिसऱ्याला नाही पटलं, त्याच्या बाजूच्या आठ ओळी मी पट्ट्यांशिवाय सोडल्या.

दुसऱ्या खेपेतलं एक कार्ड खराब निघालं. बाटलीतल्या पट्टीतून मोजके कीटक निघाले. फोन केला तर त्यांनी बदलून दिलं. बाटलीचा उपाय नसता तर मला ते कळलंच नसतं.

काल सकाळी पात्या तपासल्या. सात अंडी सापडली. पाच काळी, एक पांढरं, एक लालसर. डोमकळ्या आठ दिवसांत चार मिळाल्या, सगळ्या न पटलेल्या शेजाऱ्याच्या बाजूनं.

पट्ट्या टाचायला यंदा तोच गडी होता, दवाखान्यात होता तो. गेल्या वर्षीपर्यंत फवारणीच्या दिवशी तो तोंडाला ओलं फडकं बांधून यायचा, बोलायचा नाही. काल स्टेपलर हातात घेऊन ओळीओळीनं पुढं जाताना गुणगुणत होता. बांधावर आल्यावर त्यानं भिंग मागितलं. काळ्या अंड्याला भोक पडायच्या बेतात होतं. आम्ही दोघं उकिडवे बसून बराच वेळ पाहत राहिलो. आधी टरफल आतून हललं, मग कडेला सुईच्या टोकाएवढी फट पडली, मग दोन मिशा बाहेर आल्या. पंख वाळवायला ती पातीच्या झालरीवर थांबली. त्यानं श्वास रोखून धरला होता, उडून जाईल म्हणून.


समुद्रपूरची_बोंडकळी
९ सप्टेंबर, रात्री ९:४८

भाऊ, वाचून फार बरं वाटलं. आमची तिसरी खेप परवा आहे. त्या न पटलेल्या शेजाऱ्यालाही भिंग द्या एकदा.


तेल्हाऱ्याचा_शेतकरी
१० सप्टेंबर, सकाळी ६:३०

मला चिलोनिस मिळाली, बॅक्ट्री नाही. दोन खेपा झाल्या. आज सहा अंडी शोधली, दोन काळी. हिरवी बोंडं अजून फोडली नाहीत, ऑक्टोबरात फोडून इथंच लिहितो.